थंडीत छोट्या विमानाचं इंजिन सुरू करताना या चुका टाळा

पुण्यात डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजली की आपण ती उन्हात ठेवतो, विषय संपला. बारामती-गोंदियाला विमान शिकलेल्या मुलांची थंडीशी ओळख साधारण एवढीच. मग ती पुढचे तास भरायला कॅनडात येतात आणि जानेवारीच्या सकाळी, उणे २० अंशांत, सेसना १७२ या छोट्या विमानाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची कांडी, ओढतात. तेल टपकतच नाही, काकवीसारखं चिकटून बसतं.

पहिला घोटाळा तेलाच्या डब्यावरच्या अक्षराचा. ‘डब्ल्यू१००’ वाचून ‘डब्ल्यू म्हणजे विंटर’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी दर हिवाळ्यात भेटतोच. १५डब्ल्यू-५० सारख्या मल्टिग्रेडमध्ये, म्हणजे थंडीत आणि उन्हात दोन्हीकडे चालणाऱ्या तेलात, ते खरं आहे. डब्ल्यू१०० मध्ये मात्र त्याचा अर्थ इतकाच, की हे मळ तरंगत ठेवणारं आणि जळल्यावर राख न सोडणारं ॲशलेस डिस्पर्संट तेल आहे. तेलाच्या जाडीच्या एसएई मापात ते ५०, म्हणजे चक्क उन्हाळ्याचं. हिवाळ्यात डब्ल्यू८०, कडाक्याच्या थंडीत डब्ल्यू६५, नाहीतर बारमाही मल्टिग्रेड. नक्की कोणतं, ते इंजिन कंपनीच्या तक्त्यात बघा. आणि लायकमिंग-कॉन्टिनेंटल या कंपन्यांच्या विमान-इंजिनांत गाडीचं तेल कधीच नको. त्यातल्या धातूयुक्त डिटर्जंटची राख सिलिंडरमध्ये साचते, निखाऱ्यासारखी तापते आणि ठिणगीच्या आधीच इंधन पेटवते.

मल्टिग्रेड घातलं, आता तापवायची गरज नाही, ही त्याहून महाग चूक. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मधलं कवच, ॲल्युमिनियमची; आत फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली मुळातच केसाएवढी फट आणखी आवळते. तेल कितीही पातळ असो, शिरायला जागा तर हवी! म्हणून बहुतेक लायकमिंग उणे १२ च्या खाली आणि कॉन्टिनेंटल उणे ७ च्या खाली आधी तापवायला सांगतात.

तापवायचं म्हणजे सगळं इंजिन. दहा मिनिटं गरम हवा मारली, सिलिंडरला हात लावला, ‘झालं’ म्हटलं, असं करू नका. क्रँककेसचा गाभा अजून बर्फच असतो. वर गोधडी टाका, तासभर तरी द्या. नुसता तेलाच्या टाकीखालचा हीटर आठवडाभर लावून ठेवणं हाही शहाणपणा नाही. तेलातल्या पाण्याची वाफ वरच्या गार भागावर दव होऊन बसते, आणि लायकमिंगचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) नेमका तिथेच, वर असतो. गंज चढतो.

एका विद्यार्थ्याचं इंजिन दोन-चार फेरे फिरून विझलं. तो स्टार्टर मारत राहिला, बॅटरी बसली. स्पार्क प्लग काढून पाहिले तर टोकांवर पांढरं दहिवर! जळण्यातून निघालेलं पाणी तिथेच गोठलं होतं. अशा वेळी स्टार्टर सोडा, इंजिन पुन्हा तापवा. थ्रॉटल पंप करत बसलात तर कार्ब्युरेटरला आग लागायची धास्ती वेगळीच.

सुरू झाल्यावर नजर तेलाच्या दाबावर. उन्हाळ्यात ३० सेकंद, कडक थंडीत साधारण दुप्पट. तोवर काटा हलला नाही तर बंद करा. लवकर तापावं म्हणून आरपीएम चढवू नका, हजारच्या आसपास दोन ते पाच मिनिटं चालू द्या. सेसना १७२ मध्ये फार थंडी असेल तर उड्डाणाआधी तेलाच्या तापमानाचा काटा हलेलच असं नाही. थ्रॉटल दिल्यावर इंजिन न अडखळता चढतं का आणि दाब स्थिर आहे का, हे बघायचं. हलक्या विमानांतल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचं गणित वेगळं: २००० आरपीएमवर दोन मिनिटं, मग २५०० वर, आणि तेल ५० अंशांना पोचल्याशिवाय उड्डाण नाही.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदर नळी. तिच्यातून बाहेर पडणारी वाफ तोंडाशी गोठून बूच बसतं, आत दाब वाढतो आणि पुढचं ऑइल सील उखडून तेल बाहेर येतं. म्हणून बऱ्याच नळ्यांना काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आतच एक जास्तीची फट ठेवलेली असते. प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, हातमोजा काढा, वाका, नळीच्या तोंडावर बोट फिरवा आणि ती फट मोकळी आहे का तेही बघा.