सोलच्या दोन सीडी ताडून बघताना
सोल या जुन्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायनशैलीतलं एखादं संथ गाणं जुन्या आणि नव्या अशा दोन सीडींवर ताडून बघायचं असेल, तर आधी आवाजाची पातळी सारखी करा. नव्वदीच्या उत्तरार्धानंतरच्या बऱ्याच रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने घडवून काढलेल्या) सीडी चढ्या आवाजात भरलेल्या असतात आणि चढा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. नव्या सीडीचा आवाज जरा उतरवून ऐका. पुष्कळसा फरक तिथेच गळून पडतो.

मग हेडफोन लावून गाण्याचा शेवट ऐका, जिथे वाद्यं विरत जातात. टेपची बारीक सुरसुर अजिबात नसेल तर लगेच खूश होऊ नका. ती पुसण्याच्या नादात झांजेची चमक आणि गायकाच्या आवाजामागचा घुमाराही अनेकदा पुसला जातो. मला सुरसुर चालते, गुदमरलेला आवाज नाही.

मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) की स्टिरिओ (डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा), हेही कव्हरवर बघून घ्या. सोल गायक ओटिस रेडिंगच्या ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’चं तर १९६५च्या ‘ओटिस ब्लू’ या अल्बमवरचं स्टिरिओ रूप हे मुळात पुन्हा गाऊन केलेलं वेगळं ध्वनिमुद्रण आहे. सुट्या गाण्याच्या मोनो तबकडीशी (सिंगलशी) त्याची तुलना करून मास्टरिंगबद्दल, म्हणजे सीडीसाठी आवाज घडवण्याच्या शेवटच्या कामाबद्दल, काहीच कळणार नाही.