पांदणीत टिकणारा मागचा एक्सल कसा निवडावा

वऱ्हाडातल्या काळ्या मातीत जीपचा मागचा एक्सल ओझ्यापेक्षा झटक्यानंच जास्त तुटतो. चिखलात चाक गरगर फिरत असतं, तेवढ्यात तळाचा मुरूम किंवा एखादा गोटा लागतो, चाक जागच्या जागी पकडतं आणि फिरत्या इंजिनाचा सगळा जोर एका दांड्यावर येतो. त्यात मूळचे काढून मोठे टायर चढवले असतील तर विचारायलाच नको. म्हणून ‘सगळ्यात जाडजूड कोणता आहे?’ असं विचारत कबाड्याकडे जाण्याआधी आपलं नेमकं काय तुटलं ते बघा.

तुटलेला शाफ्ट (एक्सलमधला, चाक फिरवणारा दांडा) फेकू नका. त्याचं तुटलेलं तोंड डिझेलनं धुऊन उन्हात धरा. सगळीकडे सारखंच खरखरीत, दाणेदार आणि ताजं करडं दिसलं, तर तो एकाच झटक्यात गेला. अर्धा भाग गुळगुळीत, काळपट आणि त्यावर कडेकडून आत सरकलेल्या शिंपल्यावरच्यासारख्या रेघा दिसल्या, तर तडा जुना होता. शेवटचा खड्डा निमित्तमात्र. अशा वेळी चांगल्या प्रतीचा मूळ मापाचा नवा शाफ्ट आणि बेअरिंग एवढ्यावर भागू शकतं. टोकाचे दाते पिळवटलेले असतील तर मात्र शाफ्ट खरोखरच कमी पडतोय. आणि सील बदलून बदलून पुन्हा गळत असेल, मागचा टायर एकाच कडेनं झिजत असेल, तर हाउसिंग (शाफ्टभोवतीचं एक्सलचं कवच) वाकलंय का ते आधी तपासा. वाकलेल्या हाउसिंगमध्ये कितीही भारी शाफ्ट घाला, तो फार दिवस टिकणार नाही.

मग जोराचा हिशेब. समजा इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, पहिला गिअर तो 4 पट करतो, लो रेंज (फोर-व्हीलचा हळू, जोराचा गिअर) 2.5 पट आणि क्राऊन-पिनियन (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) 4.5 पट. गुणाकार 9,000 न्यूटन-मीटर. प्रत्यक्षात त्याआधीच चाक घसरतं, म्हणून एक्सल वाचतो. मोठा, खोल नक्षीचा टायर नेमकं हे घसरणंच कमी करतो. लॉकरचंही तसंच आहे. डिफरेन्शियल वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं; लॉकर त्यांना एकत्र बांधतो. महिंद्रानं 2015 च्या थारमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल दिलं. गाडी चिखलातून निघायला ते उत्तमच, पण एक चाक हवेत असलं की सगळा भार दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर येतो. काही जण स्वस्तात काम व्हावं म्हणून डिफरेन्शियल वेल्ड करून टाकतात. डांबरी रस्त्यावर वळताना टायर खरडतात, शाफ्ट पिळतात. हे करू नये.

जाडीचा फायदा दिसतो त्याहून मोठा असतो, कारण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 30 मिलिमीटरऐवजी 33 चा शाफ्ट घेतला, पोलाद तेच असलं, तरी ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं वाढते. माप दात्यांच्या मुळाशी घ्या. शाफ्ट बहुधा तिथूनच जातो.

सेमी की फुल फ्लोटिंग? माझं मत सरळ आहे: मेकॅनिक आणि गाडी यांच्यात नाला आडवा येत असेल तर फुल फ्लोटिंगच घ्या. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो, त्यामुळे तो तुटला की चाक निघून जाण्याचा धोका असतो. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगवरच्या बेअरिंगवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. ओळखायला सोपा: चाकाच्या मधोमध हब पुढे आलेला असतो आणि त्यावर बारीक बोल्टांचं कडं असतं. ते बोल्ट काढले की चाक न उचलता शाफ्ट बाहेर येतो. भामरागडकडे किंवा मेळघाटात धारणीच्या पुढे जाणाऱ्यानं सीटखाली एक जादा शाफ्ट ठेवला, तर तो रस्त्यातच बदलता येतो.

मापं घरून लिहून न्या. दोन्ही हबमधली रुंदी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, बोल्टांचं माप (जुन्या जीपला पाच बोल्ट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर), आणि डिफरेन्शियलचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) एका बाजूला आणि गोळा भलतीकडे असेल तर तिथून एक्सलकडे येणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका बसतो आणि त्याच्या टोकाचा क्रॉस (सांधा) खाऊन टाकतो.

रेशो, म्हणजे क्राऊन-पिनियनचं प्रमाण, पुढच्या एक्सलइतकाच हवा; नाहीतर फोर-व्हील लावल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात. प्लेट पुसली असली तरी तो मोजता येतो. साध्या डिफरेन्शियलचं एक चाक धरून ठेवा, दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा. पिनियन जितके फेरे घेईल तो रेशो.

आता उंची. डेना कंपनीच्या एक्सलांपैकी डेना 44 चा क्राऊन साधारण साडेआठ इंचांचा, त्याहून मोठ्या डेना 60 चा पावणेदहा. मोठा गोळा खाली जास्त लोंबतो. आपल्या पांदणीत ट्रॅक्टरनं आणि बैलबंडीनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि गोळा नेमका त्यावर घासतो. जीपला डेना 60 घालणं म्हणूनच बहुतेकांना जास्तीचं होतं.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करण्याच्या आड येतात. त्याच मापाचा मजबूत शाफ्ट ही एक गोष्ट, अख्खा एक्सल बदलणं दुसरी. आधी आरटीओत विचारा, विम्याचंही बघा.

बसवताना क्राऊन-पिनियनची फट डायल गेजनं लावून घ्या आणि दात्यांना रंग लावून घासणीची खूण दाखवायला सांगा. ‘अंदाजानं बसवतो नं भाऊ’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. ऑइल जीएल-5 दर्जाचंच हवं. ब्रीदरची (एक्सलच्या हवेच्या भोकाची) नळी वर चढवून बांधा: तापलेलं डिफरेन्शियल नाल्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. नवं क्राऊन-पिनियन असेल तर सुरुवातीला ओझं ओढू नका. साधारण पाचशे किलोमीटरनंतर एक्सल पाट्यांना धरणारे यू-बोल्ट पुन्हा कसा आणि ऑइल बदला. ऑइल काढायच्या बोल्टच्या चुंबकाला बारीक करडी भुकटी चिकटली तर काळजी नाही; दात्याचा तुकडा किंवा चकती निघाली तर कव्हर तिथल्या तिथे उघडायला लावा. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, सील आणि ब्रीदर दोन्ही पाहा.