क्षयरोगाचे उपचार संपल्यावर मनाची घडी कशी बसवावी

सहा महिन्यांच्या गोळ्या संपतात, थुंकीचा अहवाल निगेटिव्ह येतो, डॉक्टर ‘आता तुम्ही बरे झालात’ असे सांगतात; तरीही साधा घसा खवखवला तरी छातीत धस्स होते आणि दिवेलागणीला हात आपसूक थर्मामीटरकडे जातो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. इतके दिवस शरीरावर बारीक नजर ठेवण्याची सवय जडलेली असते, ती सुटायला वेळ लागतो.

सर्वप्रथम या भीतीला तारखा नेमून द्याव्यात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात उपचारांनंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी करायची असते. त्या तारखा आजच दिनदर्शिकेवर लिहाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतून रक्त दिसल्यास मात्र तारखेची वाट पाहू नये. एक्स-रेवर जुने व्रण राहू शकतात आणि त्यांचा अर्थ आजार पुन्हा उलटला असा नसतो. जुनी फिल्म जपून ठेवल्यास नव्या डॉक्टरांना तुलना करता येते.

माझ्या मते खरी कसोटी घरातच असते. आजारपणात वेगळे काढलेले ताट, ओळखीसाठी काठावर नेलपॉलिशचा ठिपका दिलेले, बरे झाल्यावरही मांडणीच्या कोपऱ्यात वेगळेच राहते आणि ते कोणी मुद्दाम ठेवलेले नसले तरी जेवताना रोज मनाला टोचते. क्षयरोग हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, हे आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांकडून घरच्यांच्या कानावर घालावे, कारण तीच गोष्ट आपण सांगितली तर अनेकदा तक्रार वाटते. मग तो ठिपका स्वतःच्या हाताने खरवडून काढावा आणि ताट इतर ताटांत मिसळावे.

कामावर परतल्यावर जिना चढताना धाप लागणे शक्य आहे. ती डॉक्टरांना दाखवावी, पण पहिल्याच महिन्यात पूर्वीची चाल अपेक्षू नये.

झोप उडणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवडे चालले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार एकदा जरी आला, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोलावे, तेथे मराठीतही बोलता येते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी सायक्लोसेरीन घेतले असल्यास तेही अवश्य सांगावे, कारण त्या औषधाचा मनावर परिणाम होऊ शकतो.