अडुळशाच्या अर्काची प्रयोगशाळेत तपासणी

पाने धुऊन सावलीतच वाळवा. उन्हात काही फिनॉलिक घटक नासतात. 10 ग्रॅम भुकटी 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास हलवत ठेवा, गाळा आणि 40 अंश सेल्सिअसखाली द्रावक उडवा. कोरडा अर्क तोलून फ्रीजमध्ये ठेवा.

अँटिऑक्सिडंट चाचणीसाठी 3.94 मिग्रॅ डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटमुळे फिके पडणारे जांभळे रसायन) 100 मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा (0.1 मिलिमोलर). अर्काच्या पाच-सहा तीव्रता घ्या, त्यांत हे द्रावण मिसळा, अंधारात 30 मिनिटे ठेवा, 517 नॅनोमीटरला शोषण मोजा. तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्ल हवेच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पानांच्या हिरव्या रंगाकडे दुर्लक्ष. क्लोरोफिलमुळे शोषण वाढते आणि अर्क आहे त्याहून कमकुवत दिसतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी डीपीपीएच न घातलेला अर्क वेगळा मोजून वजा करा.

जिवाणूरोधक चाचणीसाठी म्युलर-हिंटन आगर (जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम) 4 मिमी जाडीचे ओता. जाड थरात वलय (अर्काभोवती जिवाणू न वाढलेला गोल भाग) लहान येते. 0.5 मॅकफार्लंड (जिवाणूंचे प्रमाण ठरवण्याचे मानक) गढूळपणाचे जिवाणू पसरून 6 मिमी खड्ड्यात डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला 100 मायक्रोलिटर अर्क भरा आणि 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवा. एका खड्ड्यात नुसता द्रावक भरलाच पाहिजे, नाहीतर वलय अर्काचे की डीएमएसओचे, हे सांगता येत नाही.

मोठे वलय म्हणजे जास्त ताकद असे मुळीच समजू नका. मोठे रेणू आगरमधून हळू सरकतात. खरी तुलना किमान रोधक तीव्रतेवरूनच, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणाऱ्या सर्वात कमी तीव्रतेवरूनच, करा. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) करूनच टाका.