मालडबा रुळावरून का उतरतो: एचओ लेआउटची बांधणी आणि डब्यांची डागडुजी

एकच डबा जागोजागी रुळावरून उतरत असेल तर दोष डब्याचा. निरनिराळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा. मॉडेल रेल्वेतल्या बहुतेक कटकटींचा शोध इथूनच सुरू होतो, म्हणून डोंगर, झाडं आणि स्टेशन यांच्या आधी रूळ आणि चाकं मापात आणायची. इथली मापं एचओ स्केलची आहेत: प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन स्केलला (१:१६०, ९ मिमी) पद्धत हीच, मापं वेगळी.

पहिली खरेदी इंजिनाची नको, एनएमआरए गेजची करा. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकांप्रमाणे खाचा कापलेला हा लहानसा पत्रा असतो. रुळांमधलं अंतर, सांध्यातल्या (टर्नआउटमधल्या) फटी, चाकांमधलं अंतर आणि बोगद्याची उंची हे सगळं त्यावर तपासता येतं.

पाया

१.२ बाय २.४ मीटरचं टेबल ही नेहमीची सुरुवात, कारण प्लायवूडची अख्खी शीट त्याच मापाची मिळते. पण हे टेबल भिंतीला चिकटवता येत नाही. हात आरामात ७०-७५ सेंमीपर्यंतच पोचतो, त्यामुळे पलीकडे उतरलेली गाडी उचलायला दुसऱ्या बाजूनेही जागा सोडावी लागते. जागा कमी असेल तर भिंतीलगत ४०-४५ सेंमी रुंदीचा फळीवजा लेआउट केव्हाही बरा. त्यात गाडी गोल फिरत नाही, पण यार्डात डबे लावण्या-काढण्याचं काम भरपूर मिळतं.

टेबलाला १८ बाय ९० मिमीच्या पट्ट्यांची चौकट, दर ४० सेंमीवर आडवी पट्टी, वर १२ मिमी प्लायवूड. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना रंगाचा हात द्या. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि उन्हाळ्यात सरळ असलेला रूळ पावसाळ्यानंतर नागमोडी होतो तो बहुतेक वेळा याचमुळे. प्लायवर ५० मिमीचा एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम चिकटवला की ओढा किंवा नाला खाली कोरता येतो. पांढरा दाणेदार थर्माकोल नको, त्याचे दाणे सगळ्या गिअरमध्ये जातात. फोमला सॉल्व्हंटवाला गोंद लावलात तर फोम विरघळून खड्डा पडेल. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक कॉल्क (फटी भरायचा चिकट लेप) वापरा.

आखणी

वळणाची त्रिज्या ठरवायचा सोपा अंदाज: सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट. १५ सेंमीचे ४० फुटी बॉक्सकार (बंद मालडबे) ४५७ मिमी त्रिज्येवर चालतात, लांब डबे तिथे कपलरने (डबे जोडणाऱ्या आकड्याने) एकमेकांना बाहेर ओढतात. १.२ मीटर रुंदीत ५५९ मिमी त्रिज्येचं वळण जेमतेम बसतं. रुळाच्या मध्यापासून टेबलाच्या कडेपर्यंत फक्त ४ सेंमी उरतात, म्हणून कडेला ॲक्रिलिकची ५ सेंमी उंच पट्टी लावा. इंजिन जमिनीवर पडलं की ते बरेचदा दुरुस्त होण्याच्या पलीकडे जातं.

डावीकडचं वळण संपून लगेच उजवीकडचं सुरू होत असेल तर मध्ये सर्वांत लांब डब्याइतका सरळ तुकडा हवाच. सांधे, म्हणजे टर्नआउट, मुख्य मार्गावर ६ नंबरचे आणि यार्डात ४ नंबरचे ठेवा. नंबर म्हणजे फ्रॉगपाशी (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे) किती लांबीला एक भाग बाजूला जायचं ते प्रमाण.

चढ २ टक्के, म्हणजे मीटरमागे २ सेंमी. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर खालच्या गाडीसाठी ७.६ सेंमी मोकळे, शिवाय वरच्या पुलाची आणि रुळाची जाडी, असे मिळून १० सेंमी चढायला ५ मीटर लागतात. ५५९ मिमी त्रिज्येचा अख्खा फेरा या टेबलावर जेमतेम ६ मीटरचा होतो. चढून पुन्हा उतरायचं कुठे? लहान टेबलावर पुलाचा मोह सोडून द्या. उलट यार्ड आणि सायडिंग पाणसळ लावून अगदी सपाट करा. धातूची चाकं लावलेला डबा किंचितशा उतारावरही आपोआप सुटतो आणि मुख्य मार्गात येऊन उभा राहतो.

रूळ घालणं

कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१०० इंच, २.५ मिमी, कोड ८३ म्हणजे २.१ मिमी. कोड ८३ दिसायला खऱ्याजवळचा, कोड १०० जुन्या खोल कडांच्या चाकांनाही चालतो. दोन्ही कोड एका मार्गात जोडायचे असतील तर उंची जुळवणारा जोड वापरा, कागदाच्या घड्या घालून भागवू नका.

फ्लेक्स ट्रॅक साधारण ९१४ मिमी लांब येतो. त्याचा एक रूळ स्लीपरमध्ये पक्का असतो, दुसरा सरकतो. सरकता रूळ वळणाच्या आतल्या बाजूला ठेवा. ५५९ मिमी त्रिज्येला वाकवल्यावर तो टोकाशी सुमारे २८ मिमी बाहेर येतो, कारण आतला मार्ग तेवढा छोटा. तो रेल निपरने कापायचा, पकडीची सपाट बाजू ठेवायच्या तुकड्याकडे, आणि कापलेलं टोक कानसून चौकोनी करायचं. शेवटच्या दोन-तीन स्लीपरवरच्या खुंट्या उडवल्याशिवाय जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) बसत नाही. ते स्लीपर तसेच राहू द्या, नाहीतर जोडापाशी दात पडल्यासारखी रिकामी जागा दिसते.

वळणावर दोन तुकडे जोडायचे असतील तर आधी टेबलावर सरळ ठेवून जोड सोल्डर करा, मग दोन्ही मिळून वाकवा. वाकवल्यानंतर जोडलेल्या तुकड्यांची टोकं सरळच राहू पाहतात आणि जोडाशी कोपरा तयार होतो. डबे उतरण्याची ही सर्वांत नेहमीची जागा. सरळ भागातले काही जोड मात्र सोल्डरविना, कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवून सोडा, म्हणजे लाकडाच्या हालचालीला वाव राहतो.

रुळाखालच्या ५ मिमी कॉर्कवर कॉल्कचा इतका पातळ हात द्या की खाली आखलेली रेघ दिसावी. रूळ दाबा, टाचण्या लावा, रात्रभर सोडा. चुकलंच तर पातळ पट्टीने उचलता येतो. सांध्याच्या सरकत्या पात्यांखाली कॉल्क लावायचं नाही. वाळल्यावर नख रुळाच्या आतल्या कडेवरून फिरवा: जिथे नख अडतं तिथे चाकाची कडही अडणार. ती जागा बारीक कानसीने घासा.

वीज

जॉइनरवर विजेसाठी भिस्त ठेवू नका, वर्ष-दोन वर्षांत ते ऑक्साइडने मंद होतात. डीसीसीसाठी (रुळांतून डिजिटल आदेश पाठवून गाड्या चालवण्याच्या पद्धतीसाठी) टेबलाखालून २ ते २.५ चौमिमीच्या दोन मुख्य तारा न्या, एक लाल, एक काळी. प्रत्येक फ्लेक्स तुकड्याला ०.५ चौमिमीची तारांची जोडी वर आणा. लांबी ३० सेंमीच्या आत ठेवा. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या बाजूला, रोझिन फ्लक्स आणि चांगलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न वापरून दोन-तीन सेकंदांत उरका. कमी तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकवलं की उष्णता पसरून स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे किंवा ओला कापूस ठेवा.

तपासणी नाण्याने करायची: रुळांवर नाणं आडवं टाकलं की बूस्टर (रुळांना डीसीसीची वीज पुरवणारा डबा) ताबडतोब बंद पडला पाहिजे. लेआउटभर दर मीटरला टाकून पाहा. एखाद्या जागी बंद पडत नसेल तर तिथली तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथेच काहीतरी वितळणार. मार्ग फिरून स्वतःवरच उलटा येत असेल तर त्या भागाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून ऑटो-रिव्हर्सर (विजेची दिशा आपोआप उलटवणारं उपकरण) लावावा लागतो.

खडी सगळ्यात शेवटी. आधी रुळाच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग मारून माथा लगेच पुसून घ्या. खडी कोरडी पसरून मऊ ब्रशने बसवा, पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं फवारा, मग पांढऱ्या गोंदाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. आधी भिजवलं नाही तर गोंदाचे थेंब खडीवर मण्यांसारखे लोळतात आणि तिला खड्डे पाडतात.

डबा चालता करणं

वजन: एनएमआरएची शिफारस एचओसाठी १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात २८ ग्रॅम अधिक प्रत्येक सेंमीला ५.६ ग्रॅम. म्हणजे १५ सेंमीच्या डब्याला सुमारे ११२ ग्रॅम. हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन उलटतो, विशेषतः तो इंजिनामागे आणि त्याच्यामागे जड डबे असतील तेव्हा. जादा वजन तळाशी आणि मधोमध चिकटवा. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात बसवू नका: काही काळाने शिशावर प्रक्रिया होऊन ते फुगतं आणि डब्याच्या भिंती फाकतात. इपॉक्सी वापरा.

चाकं: ७० टनीपर्यंतच्या डब्यांना ३३ इंची चाकं (मॉडेलवर ९.६ मिमी), १०० टनींना ३६ इंची (१०.५ मिमी). धातूची घ्या, प्लास्टिकची रुळावर काळा थर जमवतात. प्रत्येक आस गेजवर तपासा. अंतर कमी-जास्त असेल तर एक चाक पिळत-पिळत सरकवा. तेल घालायचं नाही, धूळ धरतं. फार तर ग्रॅफाइटची पूड.

बोगीचे स्क्रू हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एक स्क्रू असा आवळा की बोगी फक्त डावी-उजवीकडे वळावी, कलू नये. दुसरा पाव फेरा सैल, म्हणजे ती बोगी सगळीकडे डुलेल. तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही, तसाच हा डबा: खडबडीत रुळावरही आठही चाकं टेकलेली राहतात.

कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी उंच हवा. केडी (Kadee) या कपलर बनवणाऱ्या कंपनीचा उंची-मापक रुळावर ठेवून डबा त्याला भिडवा. कपलर खाली असेल तर बोगी आणि डब्याच्या मध्ये ०.२५ किंवा ०.३८ मिमीची चकती घाला, वर असेल तर बोल्स्टर (डबा बोगीवर टेकतो तो भाग) कानसा. कपलरखालची वाकडी तार रुळापासून ०.८ मिमी वर राहू द्या. ती खाली लोंबली तर सांध्याच्या फ्रॉगमध्ये अडकते आणि दोष सांध्यावर जातो.

सेकंडहँड बॉक्सकार

उदाहरण म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यावरचा, एका रेल्वेने दुसरीला विकलेला ४० फुटी अमेरिकन डबा घ्या. अमेरिकेत १९६६ नंतर बांधलेल्या बॉक्सकारवर छतावरची चालण्याची फळी बसवणं थांबलं आणि जुन्या डब्यांवरच्या फळ्या हळूहळू निघाल्या. मॉडेलवरची फळी उपसा, पण तिचे आडवे आधार राहू द्या, खऱ्या डब्यांवरही ते बरेचदा तसेच राहिले. भोकं पुटीने बुजवा. फळीखालचं छत ऊन-पावसापासून वाचलेलं, म्हणून मधोमध एक थोडी ताजी पट्टी रंगवा. या एका पट्टीने डब्याचा इतिहास कळतो. ब्रेकचं चाक वर असेल त्या टोकाची शिडी अख्खी ठेवा, दुसऱ्या टोकाची वरून कापून चार पायऱ्यांवर आणा. एसीआयची (डबे आपोआप ओळखण्याच्या पद्धतीची) रंगीत पट्ट्यांची छोटी पाटी १९६७ पासून १९७०च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या डब्यांना शोभते. १९५०च्या दृश्यात ती चुकीची.

डबा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. जुन्या अक्षरांभोवती मास्किंग टेप लावून अक्षरांवर चौकोन रंगवा, रंग मुद्दाम मूळच्यापेक्षा किंचित वेगळा. त्यावर ग्लॉस वार्निश, मग नवी अक्षरं आणि नंबर यांचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील पातळ पापुद्रा), वर ते मऊ करून बसवणारं सेटिंग सोल्यूशन. मॅट पृष्ठभागावर थेट लावलेल्या डेकलखाली हवा अडकून कडेला रुपेरी झाक येते. वाळलं की मॅट वार्निश.

आता मळवणं. काळपट-तपकिरी ॲक्रिलिकचा एक भाग, पाण्याचे दहा. सपाट ब्रशने वरून खाली एकाच दिशेने, कारण पाऊसही तसाच ओघळतो. दुसरा हात पहिला वाळल्यावर. मॅट लॅकरवर अल्कोहोल लावलंत तर ते पांढुरकं होतं, म्हणून धुवण पाण्याचंच. खालच्या भागात रंगाच्या पावडरी, पण मॅटचा शेवटचा फवारा मारला की अर्ध्या गायब होतात, तेव्हा थोड्या जास्तच लावा. चाकांच्या बाहेरच्या बाजू गंजाच्या रंगात. टेकणारा भाग आणि आसांची टोकं अजिबात नाही.

फवाऱ्याच्या आधी बोगी आणि कपलर काढून ठेवलेले असतात. परत बसवल्यावर डबा पुन्हा उंची-मापकाला लावा, कपलर बोटाने ढकलून सोडा. तो स्वतःहून मध्यावर परत येत नसेल तर डब्बीत वार्निश गेलेलं आहे. उघडून साफ करा, ग्रॅफाइट टाका, मग गाडीच्या मधोमध जोडून अख्खी गाडी यार्डाच्या सांध्यांवरून मागे ढकला.