जुनी चांदीची वाढपाची भांडी घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजूनही चांदीचे ओगराळे, पळी, डाव, तूपवाढणी सापडतात. यातली बरीच भांडी मोडीत जातात. जी वाचतात, ती पुष्कळदा चुकीच्या घासण्याने खराब होतात.

पहिली चूक म्हणजे काळे पडले की चांदी समजणे. मुलामा दिलेले भांडेही काळे पडते, कारण वरचा थर चांदीचाच असतो. मुलामा आधी कडेला आणि ओगराळ्याच्या तळाला झिजतो. तिथे पिवळट किंवा करडा धातू दिसला तर सावध व्हा. मागे ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असतील तर तो जर्मन सिल्व्हरवरचा, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूवरचा मुलामा. खुद्द जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका, पितळही चुंबकाला चिकटत नाही.

घरी घनता मोजता येते. भांड्याचे वजन करा. मग ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करा आणि भांडे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, काठाला लागू देऊ नका, बुडबुडे झटका. वजनाला त्या आकड्याने भागा. १५५ ग्रॅमच्या ओगराळ्याला आकडा १५ च्या आसपास आला तर घनता १०.३ होते, म्हणजे चांदीच्या जवळ. १८ च्या जवळ आला तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ. पोकळ, आत लाख भरलेल्या दांड्याला ही रीत चालत नाही. अशा दांड्याच्या लाखेचे वजन चांदीच्या भावाने मोजून देणे हीही नेहमीची फसगत.

शिक्का नाही म्हणून भांडे नाकारू नका. गावच्या सोनारांनी, कधी चांदीचे रुपये आटवून, घडवलेल्या भांड्यांवर बहुधा शिक्काच नसतो. उलट बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण दिसला तर तो शिक्का २००५ नंतरचा, भांडे बहुधा जुने नव्हे. मोडी, देवनागरी किंवा कानडी अक्षरांत टिपक्यांनी कोरलेले नाव ही मोठी खूण आहे. ते घासून काढू नका. काढलेले असेल तर तिथला पत्रा बोटांना पातळ लागतो आणि भांड्याची किंमत उतरते.

दांड्याच्या सांध्यावर करडा मऊ डाग दिसला तर तो कथील-शिशाच्या झाळणीचा. सराफाला आधीच दाखवा. तो डाग न काढता भट्टीत तापवले तर शिसे चांदीत शिरते आणि खड्डे पडतात.

राख, चिंच, पितांबरी वापरू नका, नक्षी बोथट होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. सोडा-ॲल्युमिनियम फॉइलची युक्ती नक्षीतली मुद्दाम ठेवलेली काळी छटाही नेते. मीठ, लोणचे वाढून झाले की लगेच धुवा. रबर बँड आणि वर्तमानपत्रात बांधू नका, रबरातले गंधक चांदी काळी करते. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर भांडी पूर्ण कोरडी करून मलमलीत गुंडाळा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या नातलगांना पाठवण्याचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला अशी निर्यात करता येत नाही.