फॉर्निक्स दिसला की गोंधळायचं नाही, शेजारचा शब्द बघायचा

लॅटिनमध्ये फॉर्निक्स म्हणजे कमान, अनेकवचन फॉर्निसेस. एवढं पाठ करून मेडिकलची पुस्तकं उघडली की हा शब्द आधी मेंदूत भेटतो, मग डोळ्यात, मग गायनॅकमध्ये (स्त्रीरोगशास्त्रात), आणि आपलं डोकं फिरतं. म्हणून शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

शेजारी कोणीच नाही, किंवा कॉलम, बॉडी, क्रस असलं काहीतरी आहे तर समजा मेंदू. हिप्पोकॅम्पसकडून (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) निघालेला तंतूंचा जुडगा वर चढतो, पुढे वाकतो आणि खाली मॅमिलरी बॉडीपर्यंत (मेंदूच्या तळाशी असलेली छोटी गोल गाठ) येतो, बाजूने बघितलं तर खरंच कमान. आठवणींच्या कामातला महत्त्वाचा रस्ता आहे हा.

अँटिरिअर, पोस्टिरिअर, लॅटरल असेल तर बहुतेक गायनॅक. गर्भाशयाचं तोंड योनीत उतरतं तिथे त्याच्या भोवती जी खोबण असते ती. पोस्टिरिअर सगळ्यात खोल आणि त्याच्या लगेच पलीकडे पाऊच ऑफ डग्लस (गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली पोकळी), व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला जाताना एवढं तरी लक्षात ठेवाच.

सुपिरिअर, इन्फिरिअर म्हटलं की डोळा. वर बघा, खालची पापणी बोटाने जरा ओढा, तिथे पिशवीसारखं होतं ना, तिच्या तळाशी इन्फिरिअर फॉर्निक्स. ड्रॉप्स त्या पिशवीत टाकायचे, थेट बुबुळावर नाही, आणि एकच थेंब, जास्त टाकला तर गालावर ओघळतो, औषध फुकट.

आता रोमचा मजकूर वाचत असाल तर जरा जपून. इ.स.पू. 121 मध्ये अल्लोब्रोगेस या गॉलमधल्या लोकांना हरवलं म्हणून रोमन सेनानी फॅबियसने फोरमजवळ (रोमच्या मुख्य चौकाजवळ) उभारलेली विजयकमान म्हणजे फॉर्निक्स फॅबियानस, तिथे अर्थ सरळ आहे. पण होरेस किंवा जुव्हेनल या रोमन कवींच्या सटायरमध्ये (उपहासकवितेत) कोणी फॉर्निक्समधून बाहेर पडताना दिसला तर तो विजय साजरा करून येत नाहीये, कोठ्यावरून येतोय! असे धंदे कमानीदार तळखोल्यांत चालायचे, त्यावरून हा अर्थ चिकटला आणि इंग्रजीतलं फॉर्निकेशनही तिथूनच आलं.

आणि हो, महाधमनीच्या कमानीला फॉर्निक्स म्हणू नका, तिथे आर्कस. आर्कसचा मूळ अर्थ धनुष्य, मग कमान. आपली कमानसुद्धा फारसीतून आलीये आणि तिकडे ती धनुष्यच.